कौळगी फाटा ते कौळगी

विष्णुपुरी, नांदेड
५ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप रामलिंग मामांना,
वर्षाराणीचा शरणार्थ.

फोन करून पाहिला. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी मामीशी बोलावं लागतं, आणि मामी त्यातलं तिला पटेल तेवढंच तुमच्या कानात ओरडते. मागच्या खेपेला मी तिला म्हणाले, मामांना सांग बीपीची गोळी चुकवू नका. तिनं तुम्हाला सांगितलं, वर्षी म्हणती चहा बंद करा. तीस वर्षं रोलर चालवून कान गेले तरी अण्णाचं अक्षर अजून सरळ ओळीत चालतं, असं आई तुमच्याबद्दल सांगते. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानंच पाठवा, म्हणजे मामीला मधे कात्री लावता येणार नाही.

आता कामाचं. नांदेडच्या ज्या कंपनीत मी लागले आहे तिथं रस्त्यांचं भविष्य काढतात. हसू नका. डांबरी रस्ता किती वर्षांत किती बिघडेल याचं आम्ही गणित मांडतो. रस्त्याचं वय, त्यावरची वाहनं, पाऊस, खालची माती हे सगळं त्यात घालायचं. शिवाय दर वर्षी जीपच्या मागं एक चाक बांधून रस्त्यावरून नेतात. ते चाक किलोमीटरभरात किती उड्या मारतं ते यंत्र मोजतं. आकडा दोन हजारांच्या आसपास आला तर रस्ता नवा, चार हजारांच्या वर गेला तर खराब. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या आकड्यातला फरक बघून कळतं की रस्ता किती वेगानं म्हातारा होतोय. त्यावरून यादी बनते. जो रस्ता लवकर मरणार तो यादीत वर, त्याचं डांबर आधी.

उदगीरकडचे सत्तर रस्ते माझ्याकडे आले आहेत आणि त्यात आपला कौळगी फाटा ते कौळगी आहे! चार किलोमीटर. तुम्ही निवृत्त होण्याआधी शेवटचा रोलर ज्यावर फिरवला तोच. आमची गाडी तिथं २२ तारखेला, बुधवारी येईल. तुम्हाला त्या रस्त्याचं जे जे आठवतं ते लिहून पाठवा. ऑफिसच्या कागदांवर माझा फारसा भरवसा नाही.

मामीचं डायलिसिस कसं चाललंय? सकाळची बस वेळेवर येते ना?

तुमची
वर्षाराणी


कौळगी
१४ नोव्हेंबर २०२३

चि. वर्षाराणीस,
मामा-मामीचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मामीनंच आधी फोडलं आणि चहाचा मजकूर वाचून दिवसभर हसत होती. रस्त्याचं भविष्य सांगून पगार मिळतो हे मी वीरण्णाला सांगितलं. वीरण्णा म्हणजे माझ्याबरोबर पंचवीस वर्षं गँगवर होता तो. तो म्हणाला, "आपुन तर फुकटच सांगत व्हतो की, कुनी इचारलं न्हाई."

तू विचारलंस ते लिहितो. काम २०१९ च्या मार्चात झालं. फाट्याकडचा पहिला किलोमीटर मुरमाड रानातून येतो, त्याला काही होत नाही. पुढं गावापर्यंत सगळी काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. वरचं डांबर तिच्यासंगं वरखाली होत राहतं, शेवटी कडेनं फाटतं. तिसऱ्या किलोमीटरला ओढ्याची मोरी आहे, तिची नळी गाळानं बुजली आहे. पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं. खालून मुरमाचा जाड थर द्या म्हणून मी त्या वेळच्या सायबाला दोनदा सांगितलं. ते म्हणाले, रामलिंग, तू रोलर चालव.

दबाई मात्र मी कसून केली. एकाच पट्ट्यावरून आठ वेळा रोलर नेला, ते खरं.

तुझ्या मामीची मंगळवार-शुक्रवारची फेरी चालू आहे. सव्वासातची बस गावातून थेट उदगीरला जाते. ड्रायव्हर ओळखीचा झालाय, दाराजवळची जागा ठेवतो. चार तास मशीनला, मग दुपारच्या बसनं घरी. त्या दिवशी गळून जाते, पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसते. ही एक बस आहे तोवर काही फिकीर नाही.

गाडी बिनघोर पाठव. आपल्या रस्त्याला नाव ठेवायला जागा मिळणार नाही, एवढं मी बघतो.

रामलिंग


विष्णुपुरी
२८ जानेवारी २०२४

तीर्थरूप मामांना शरणार्थ.

मामा, तुमचा रस्ता आमच्या ऑफिसात गाजतोय!

गेल्या वर्षीचा आकडा दोन हजार नऊशे चाळीस होता. यंदाचा आला दोन हजार नऊशे दहा. म्हणजे एका वर्षात बिघाड काहीच नाही, उलट तीसनं कमी. मी तीन वेळा तपासलं. खाली काळी माती, गाळानं बुजलेली मोरी, आणि तरी रस्ता जागचा हलत नाही. आमचे नागसेन सर म्हणाले, असं होत नसतं, कारण शोध. मी तुमचं पत्र काढलं. आठ वेळा रोलर! बाकीच्या रस्त्यांना चार-पाच वेळाच फिरवलेला असतो. मग मी गणितात दबाईचा एक नवा रकाना घातला आणि सगळे आकडे पटापट जुळले. सरांना पटलं. बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या रस्त्यावरचा रोलर माझ्या मामांनी फिरवलाय.

गणित म्हणतं, आपल्या रस्त्याला २०२९ पर्यंत हात लावायची गरज नाही. सत्तर रस्त्यांच्या यादीत तो सदुसष्टावा आहे. यादी मंजूर होऊन गेलीसुद्धा. तुम्हाला कधी कुणी शाल-नारळ दिला नाही, म्हणून मी हे पत्र पाठवतेय. मामीला मोठ्यानं वाचायला सांगा.

वर्षाराणी


कौळगी
१९ जुलै २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी कपाटात जपून ठेवलं आहे. वीरण्णाला दोनदा वाचून दाखवलं.

पण आता एक अडचण आहे म्हणून लिहितो. यंदा पाऊस जूनपासूनच लागून आहे आणि रस्ता पार गेला. मोरीजवळ तर अशी खळगी पडली आहे की म्हैस बसावी. गेल्या आठवड्यात बसचा पाटा तुटला. आगारवाले म्हणून राहिलेत की रस्ता नीट होईपर्यंत कौळगीची फेरी बंद करू. ड्रायव्हर भला माणूस, तो तुझ्या मामीकडं बघून अजून गाडी आणतो. किती दिवस आणेल?

नोव्हेंबरात तुझ्या गाडीसाठी भरलेले एकसष्ट खड्डे सगळेच्या सगळे उघडे पडले. हे मी तुला तेव्हा लिहिलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी, वीरण्णा आणि त्याचे दोन्ही मुलगे, चौघांनी तीन दिवस मुरूम टाकला. हायवेच्या कामावरचं उरलेलं डांबर मागून आणलं आणि वरून काळा हात फिरवला. आदल्या दिवशी पाणी मारून धुमसानं ठोकून बसवलं. सायब तपासायला येणार म्हटलं की नोकरीत आम्ही हेच करत आलो. त्याच्या आदल्या वर्षी जीप आली तेव्हा कुणाला मालूमच नव्हतं, ती आली कधी अन् गेली कधी. नोव्हेंबरातली तर आपल्या घरच्या लेकीची गाडी. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडत नाही का आपण? तुझी मामी उन्हात येऊन आम्हाला चहा देऊन गेली, मशीनच्या दुसऱ्या दिवशी.

तर तुझ्या सायबांना सांग आणि यंदाच्या यादीत रस्त्याचं नाव घाल. तुझ्या शब्दाला तिथं वजन आहे हे आम्हाला कळलंच आहे.

रामलिंग


विष्णुपुरी
४ ऑगस्ट २०२४

मामा,

तुमचं पत्र वाचून मी जिन्यातच बसले.

तुम्हाला रागावू कशी? २२ तारीख मीच कळवली होती. पण मामा, आमची गाडी पाहुणी नव्हती हो. तिला खड्डेच बघायचे होते. पहिल्या वर्षी खड्ड्यांसकट मोजलं, दुसऱ्या वर्षी खड्डे झाकून. गणिताला वाटलं हा रस्ता म्हातारा होतच नाही. आणि मी त्याला कारण शोधून दिलं, दबाईचा रकाना! ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचे रस्ते यादीत वर गेले, तुम्ही तीन दिवस राबलात म्हणून आपला तळाला गेला. तुमच्या कौतुकाचं पत्र मीच लिहिलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

नागसेन सरांकडे गेले, सगळं सांगितलं. माणूस चांगला आहे, ऐकून घेतलं. म्हणाले, मंजूर यादीतला एक रस्ता वर घ्यायचा तर दुसरा खाली ढकलावा लागतो, आणि त्यासाठी हातात मोजलेला आकडा पाहिजे. माझ्या मामांनी खड्डे भरले होते, हे कुठल्या रकान्यात लिहू? मग प्रत्येक गावचा मामा पत्र पाठवेल. हे त्यांचे शब्द. ते चुकीचं बोलले असंही मला म्हणता येत नाही.

एकच वाट आहे. यंदाची मोजणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात आहे, आपल्या रस्त्यावर २३ तारखेला. तेव्हा आकडा खरा आला, चार-साडेचार हजार आला, तर सर पुरवणी यादीत नाव घालायला तयार आहेत. मार्चपर्यंत डांबर पडेल.

पण त्यासाठी तोवर रस्त्याला कुणी हात लावायचा नाही. एकही खड्डा भरायचा नाही, मामा. वीरण्णा काकांनाही सांगा. मी काय मागते आहे ते मला कळतंय.

मामीला आईकडं नांदेडला आणून ठेवता येईल का? मी इथं मशीनची चौकशी करते.

वर्षाराणी


कौळगी
१३ ऑगस्ट २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

समजलं. बस ९ तारखेपासून बंद झाली.

आता मलप्पाचा ऑटो ठरवला आहे. तो पहाटे येतो, हिला घेतो, खड्ड्या-खड्ड्यांतून फाट्यापर्यंत नेतो, तिथून हायवेची बस. बसमधी उडत नव्हती तेवढी ऑटोत उडते. डाव्या हातात जिथं सुया टोचतात ती शीर फुगून आली आहे. तो हात ती पोटाशी धरून बसते आणि उजव्या हातानं दांडी पकडते. मी सोबत जातो. मला आवाज येत नाही पण ती तोंड उघडते ते दिसतं.

खड्डे भरणार नाही. तू म्हणतेस तर त्यात काही अक्कल असणार. वीरण्णाला मी सांगितलं तेव्हा तो माझ्याकडं बघतच राहिला. "रस्ता बिगडू द्यायचा? आन् आपुन बगत बसायचं?" असं त्याच्या तोंडावरून मी वाचलं. हाव म्हणालो. त्यानं फावडं माझ्या ओट्यावर आणून ठेवलं आणि गेला. दोन दिवस आला नाही.

तुझ्या आईकडं, अंबिकाकडं नांदेडला यायला तुझी मामी तयार नाही. म्हणते, उदगीरचे नर्सबाई-डॉक्टर माझ्या शिरा ओळखतात. तरी तू चौकशी कर.

रामलिंग


विष्णुपुरी
२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मामांना शरणार्थ.

इथं दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडं मशीन भरलेली आहेत, नंबर लागायला दोन महिने. नाव लिहून ठेवलंय. तुम्ही दोघं उदगीरला खोली घेऊन राहता का, आठ-दहा आठवड्यांचाच प्रश्न आहे. मामीशी फोनवर बोलले तर ती म्हणाली, "म्हस कोन पिळंल? तुझा मामा?" आणि वर विचारते, जेवलीस का.

रोज ऑफिसात मी तोच आलेख उघडून बघते. आपल्या रस्त्याची रेघ त्यात सपाट जाते, २०२९ पर्यंत. बाकीच्या सगळ्या रेघा चढत गेलेल्या. मी ती रेघ काढलीय म्हणून बस बंद झाली, असं मला रोज वाटतं. कुणाला सांगू?

आता एकावन्न दिवस राहिले.

वर्षाराणी


कौळगी
६ ऑक्टोबर २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

मागच्या महिन्यात दोन फेऱ्या चुकल्या. एकदा मोरीवरून पाणी चाललं होतं. दुसऱ्यांदा मलप्पाच्या ऑटोचं पुढचं चाक वाकलं. त्यानंतर तो मोरीच्या अलीकडं येत नाही. त्याचंही पोट आहे, मी त्याला बोललो नाही. आता ही घरापासून मोरीपर्यंत चालत जाते, दीड किलोमीटर. मधे तीनदा बसते. एक पाट घेऊन मी मागनं जातो, ती थांबली की टाकायला.

फेरी चुकली की अंगात पाणी धरतं. पाय सुजून जोडवी रुतली होती, ती कापून काढावी लागली. आडवं झालं की दम लागतो, म्हणून बसून झोपते. डॉक्टर म्हणाले, एकही फेरी चुकवू नका, छातीत पाणी झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

मोरीपासून गावापर्यंतचे खड्डे मी मोजले आहेत. मुरूम पडला तर मलप्पा दारापर्यंत यायला तयार आहे. दोन दिवसांचं काम आहे. वीरण्णा रोज ओट्यावर येतो आणि माझ्याकडं बघतो. मी तारखेकडं बघतो.

भरू का? तू सांगशील तसं करतो. एवढं वाकडं काम मी आयुष्यात केलं नाही, म्हणून विचारतो.

रामलिंग


विष्णुपुरी
१० ऑक्टोबर २०२४

मामा,

तीन वेळा पत्र फाडलं. भरा म्हणावं तर आकडा पुन्हा खोटा येणार, यादी गेली, पुढच्या वर्षापर्यंत बस नाही. मग मामीनं अख्खं वर्ष काय करायचं? भरू नका म्हणावं तर ती चालतेय.

तेरा दिवस राहिलेत, मामा. म्हणजे मंगळवार-शुक्रवारच्या चारच फेऱ्या. या चार फेऱ्यांसाठी फाट्यावर खोली मिळते का बघा, नाहीतर शाळेजवळच्या कुणाची बैलगाडी. मी दसऱ्याला येते, नाही, दसऱ्याला मोजणीचं काम आहे, त्यानंतर लगेच येते. पाऊस थांबला की ओढ्याला पाणी नसेल. काय लिहितेय मलाच कळत नाही.

थांबा. एवढंच म्हणते. अजून तेरा दिवस थांबा.

वर्षाराणी


विष्णुपुरी
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांना,

मामीला जाऊन तीन आठवडे झाले. तिथं असताना तुमच्याजवळ काही बोलता आलं नाही. घर भरलेलं होतं, आणि तुमच्या कानात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

२१ तारखेला दुपारी आईचा फोन आला की मामी उदगीरला दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर उतरले आणि चालत निघाले. रस्त्यावर सगळं गाव होतं. तीन ट्रॅक्टर मुरूम ओतत होते. वीरण्णा काका, त्यांचे मुलगे, मलप्पा, शाळेचे मास्तर, बाया घमेली घेऊन. आपल्यात माणसाला बसवून नेतात. मखर बांधलेली ट्रॉली या खड्ड्यांतून चार किलोमीटर फाट्याच्या मुरमाड रानात पुरायला न्यायची, तर मामी कलंडेल, म्हणून ते भरत होते. कुणीतरी म्हणालं, "कमलम्माला जिवंतपनी लई हिसके बसले, आता एक बी नगं."

मला तारीख माहीत होती. उद्या गाडी येणार होती. थांबा, एक दिवस थांबा, असं माझ्या अगदी तोंडाशी आलं, मामा. हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची माझी हिंमत नाही. मामी घरात बसवलेली आणि मला आकड्याची पडली होती. मग मी एका बाईच्या हातातलं घमेलं घेतलं आणि भरायला लागले.

मोरीपाशी जाऊन जीपवाल्याला फोन केला, चार दिवसांनी ये म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, पुढचे बावीस रस्ते लागलेत, फेरी मोडता येत नाही. आणि तो आला.

आकडा दोन हजार नऊशे साठ. माझ्या गणितानं यंदासाठी आधीच सांगितला होता, दोन हजार नऊशे पन्नास. नागसेन सरांनी उभं राहून हात मिळवला. म्हणाले, मॉडेल खरं ठरलं. मी सांगितलं की खोटं आहे, मी स्वतः मुरूम टाकलाय. ते म्हणाले, तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण यंत्रानं घेतलेला आकडा मी कुठल्या आधारावर खोडू? आता माझं सूत्र मुखेड आणि धर्माबादच्या रस्त्यांनाही लावणार आहेत, दबाईच्या रकान्यासकट. त्यावर माझं नाव आहे. पुढची मोजणी पुढच्या ऑक्टोबरात.

मामा, एकच विचारायचं आहे. मी तेरा दिवस थांबा म्हणाले. मामी माझ्यामुळे गेली का?

वर्षाराणी


कौळगी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

तू विचारलंस ते दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर देवाची मर्जी म्हणालो असतो. तू रस्त्याचं खरं-खोटं काढणारी पोरगी आहेस, तुझ्याशी तसं बोलून भागणार नाही. तुझं पत्र १५ तारखेला मिळालं. त्यानंतरच्या शुक्रवारी ओढ्याकडं चिखल होता, ती मोरीपर्यंत पोचलीच नाही, आम्ही अर्ध्यातून माघारी आलो. सोमवारी दम लागला. वीरण्णाच्या मुलाच्या मोटारसायकलवर मधे बसवून नेली, आणि तिसऱ्या किलोमीटरला तिची मान माझ्या खांद्यावर आली. किडनीचा आजार होता, आज ना उद्या जाणारच होती, असं डॉक्टर म्हणाले. पण ती त्या शुक्रवारी मशीनवर असती तर सोमवारी गेली नसती, हे तुलाही कळतं आणि मलाही. थांबा तू म्हणालीस. थांबलो मी. तुझी मामी त्यावर वर्षीचं काम आहे, होऊ द्या, एवढंच म्हणाली.

एक गोष्ट तुला मालूम नाही. २२ तारखेला सकाळी वीरण्णा घमेलं घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी हिच्याजवळ बसलो होतो. त्यानं रस्त्याकडं बोट केलं आणि मान हलवून विचारलं, भरू? गावानं आपल्या मनानं काही केलेलं नाही, ते माझ्या हुकमासाठी थांबले होते. उद्या तुझी गाडी आहे हे मला चांगलं आठवत होतं. तुझी यादी, मार्चातलं डांबर, बस, सगळं आठवत होतं. मी हाव म्हणालो. ट्रॉलीत मी मखराची काठी धरून बसलो होतो. चार किलोमीटरमध्ये तिची मान एकदाही हलली नाही. तू घमेलं उचललंस ते मी ट्रॉलीतून बघितलं नाही, पण वीरण्णानं सांगितलं.

तुझ्या सायबावर राग धरू नकोस. सूत्रावर तुझं नाव आहे तर नोकरी सोडून पळूही नकोस. तिथं बसून दर वर्षी खरं सांगत राहा, कुणी ऐको न ऐको.

आता मी आणि वीरण्णा रोज सकाळी दोन तास रस्त्यावर असतो. मोरीची नळी निम्मी मोकळी केली. मलप्पाचा ऑटो दारापर्यंत येतो. त्यामुळं पुढच्या ऑक्टोबरात आकडा पुन्हा चांगलाच येणार आणि आपला रस्ता पुन्हा तळाला जाणार. बस येणार नाही. ते मला कळलं आहे, तू मला समजावू नकोस.

फक्त पुढच्या वर्षी गाडीची तारीख मला कळवू नकोस. तारीख डोक्यात होती म्हणून माझी बायको सुजलेल्या पायांनी माझ्यासमोरून चालत गेली आणि मी फावडं जवळ असून उचललं नाही. ती त्या सोमवारी गेली नसती तर २३ तारखेपर्यंत मी तिला अजून एक फेरी तशीच चालवली असती.

रामलिंग